अभयारण्यातली पायवाट दुरुस्त करायचीये? खानदेशातल्या जंगलांसाठी परवानगीपासून टिकावापर्यंत सगळं

खानदेशात नॅशनल पार्क एकही नाही, महाराष्ट्रातली सहाच्या सहा आपल्या हद्दीबाहेर आहेत. पण आपल्याकडे यावल अभयारण्य आहे, शिरपूरकडे अनेर धरणाचं आहे, चाळीसगावच्या डोक्यावर गौताळा-औट्रमघाट आहे आणि वर नंदुरबारला तोरणमाळ, अस्तंबाकडचा सातपुडा आहे. या सगळ्या डोंगरांत पायवाटा आहेत, कुठे वनरक्षकांच्या गस्तीच्या, कुठे देवीच्या, कुठे पाड्यावरून पाड्यावर जायच्या, आणि पावसाळा संपला की यातल्या बऱ्याच वाटांची हालत बघवत नाही. मग ट्रेक ग्रुपमधली पोरं विचारतात की आपण जाऊन नीट करू का, काय लागतं, कोणाला विचारायचं. म्हणून जे माहितीये ते सगळं एका ठिकाणी लिहितोय.

आधीच सांगतो, दोनशे लोक, छापील टी-शर्ट, बॅनर आणि एक दिवसाचं श्रमदान याने वाट सुधारत नाही, उलट दोनशे लोकांच्या पायांनी आणखी रुंद होते. आठ-दहा जण, एकच वाट, आणि तीच वाट वर्षानुवर्षं धरायची, असं असेल तरच काहीतरी उभं राहतं. एवढं पटत असेल तर पुढे वाचा.

वाट निवडणं

नवीन वाट काढायची नाही, हा पहिला नियम. आधीपासून वापरात असलेली वाटच घ्यायची, आणि तीही पूर्ण नाही, पहिल्या वर्षी अर्धा-एक किलोमीटर भरपूर झाला. गौताळ्यात पाटणादेवीहून केदारकुंडाकडे, कन्हेरगडाकडे किंवा पितळखोऱ्याकडे जाणाऱ्या वाटा आहेत, यावल अभयारण्यात पालच्या बाजूला आहेत, अशातली एखादी, जी तुमच्या गावापासून दोन तासांच्या आत पोचता येईल. लांबची वाट निवडली की पहिल्या वर्षी उत्साह असतो, दुसऱ्या वर्षी गाडी कोणाची आणि डिझेल कोणाचं यावर सगळं थांबतं.

वाट निवडली की ती पावसात चालून बघा. कोरड्या दिवसात कितीही फोटो काढा, वाट का खराब होते ते कळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रिमझिम चालू असताना तिथल्या वनरक्षकाला किंवा वनमजुराला सोबत घेऊन हळूहळू चालायचं आणि फक्त पाणी बघायचं, वरून कुठून वाटेत उतरतंय, वाटेतून किती लांब वाहतंय, कुठून बाहेर पडतंय. पाटणादेवीकडचे एक म्हातारे बाबा मला म्हणाले होते, "भाऊ, पानी कथाईन येस ते पयले देखा, मंग टिकाव मारा," म्हणजे पाणी कुठून येतं ते आधी बघा. पूर्ण कामाचं सार यात आलं. जिथे पाणी वाटेत शिरतं तिथे मोबाइलवर फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा, जवळचं एखादं ओळखू येईल असं झाड किंवा दगड फोटोत येऊ द्या म्हणजे चार महिन्यांनी गवत वाळल्यावर पण ती जागा सापडेल.

आपल्याकडचा डोंगर बेसॉल्टचा, वर काळा पाषाण आणि मधल्या थरांत मुरूम. मुरूम कोरडा असला की पायाखाली गोट्यांसारखा घसरतो आणि जोराच्या पाण्याने तर सरळ वाहून जातो. ३१ ऑगस्ट २०२१ ला कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि खाली चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना या डोंगरात पाणी काय करू शकतं हे वेगळं सांगायला नको.

परवानगी, आणि ती लेखीच

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथेच बहुतेक ग्रुप गडबड करतात. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू असतो. कलम २७ प्रमाणे आत जायलाच बंधनं आहेत, कलम २९ प्रमाणे परवानगीशिवाय तिथलं काहीही तोडणं, काढणं, नेणं गुन्हा आहे, आणि कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरता येत नाही. आता तुम्ही म्हणाल आमच्याकडे कुठे बंदूक आहे, पण कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत सुरा-चाकू पण येतात, म्हणजे तुमचा कोयता आणि विळा यांच्यावर पण प्रश्न येऊ शकतो. त्यामुळे "साहेब ओळखीचे आहेत, फोनवर हो म्हणालेत" यावर कोयते घेऊन आत जायचं नाही. उद्या त्या साहेबांची बदली झाली किंवा गेटवर दुसराच माणूस असला तर अडकाल तुम्ही आणि तोही.

अर्ज कोणाकडे करायचा हे जागेवर अवलंबून आहे. अभयारण्याच्या आत असेल तर वन्यजीव विभाग, बाहेरचं राखीव जंगल असेल तर प्रादेशिक विभाग. सुरुवात मात्र खालून करा, आधी बीटचा (म्हणजे त्या भागाच्या गस्त-हद्दीचा) वनरक्षक, मग वनपाल, मग वनपरिक्षेत्र अधिकारी म्हणजे आरएफओ, आणि अर्ज त्यांच्यामार्फत वर विभागाच्या अधिकाऱ्याकडे. एकदम वरून गेलात तर कागद फिरून परत खालीच येतो आणि ज्याच्या बीटमध्ये काम करायचंय तोच नाराज होतो. किमान महिनाभर आधी द्या.

अर्जात हे असू द्या: कोणती वाट, कुठून कुठपर्यंत, तारीख, किती वाजता आत आणि किती वाजता बाहेर, सगळ्यांची नावं, ओळखपत्राच्या झेरॉक्स, रक्तगट, घरचा फोन नंबर, अवजारांची यादी अगदी मोजून (टिकाव २, फावडी ३ असं), आणि काय करणार नाही तेही लिहा, की झाड तोडणार नाही, आग पेटवणार नाही, औषध फवारणार नाही, ड्रोन उडवणार नाही. सोबत स्वतःच्या जबाबदारीवर येत असल्याचं हमीपत्र, आणि कोणी १८ वर्षांच्या आतलं असेल तर पालकांची सही. मंजुरीच्या कागदाची प्रिंट कामाच्या दिवशी सोबतच ठेवा, जंगलात रेंज नसते.

पितळखोऱ्यासारख्या ठिकाणी अजून एक गोष्ट. ती लेणी आणि पाटणचं महादेवाचं मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, अशा स्मारकापासून १०० मीटरमध्ये बांधकामाला बंदी असते. तिथे पायऱ्या वगैरे रचायच्या भानगडीत पडू नका, सुटा पडलेला दगडसुद्धा उचलू नका, तो कोरीव कामाचा तुकडा असू शकतो.

गावाला विचारल्याशिवाय नाही

सातपुड्यात पावरा, भिल्ल, तडवी, बारेला लोकांची गावं-पाडे आहेत आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार बऱ्याच ठिकाणी ग्रामसभांचे जंगलावर सामूहिक हक्क आहेत. अशा गावात वनविभागाचा कागद असला तरी ग्रामसभेला किंवा गावच्या वन समितीला भेटूनच काम ठरवा. ती वाट त्यांच्या रोजच्या पायाखालची आहे, तुम्ही शनिवार-रविवारचे. आपण ज्याला शॉर्टकट समजून बंद करायला निघतो ती कधीकधी पाण्यावर जायची किंवा मोहाच्या झाडाकडे जायची त्यांची जुनी वाट असते. गावातले दोघं-तिघं सोबत घ्या आणि त्यांचा दिवस बुडतो त्याची मजुरी द्या. तुम्ही हौसेने येताय, त्यांनी फुकट यावं ही अपेक्षा बरोबर नाही.

कधी जायचं

मे महिन्यात नाही. जळगाव-भुसावळचं ऊन ४५ च्या वर जातं आणि उघड्या दगडावर टिकाव मारणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. खोदकामासाठी सगळ्यात चांगले दिवस ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर, जमिनीत थोडी ओल असते, माती दाबली की बसते. जानेवारीत जमीन दगडासारखी होते पण फांद्या छाटणं, कचरा काढणं होतं. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरतात, त्याच्या आत वनविभाग जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढतो, तिथे मदत लागते का ते आरएफओंना विचारा, पण ते काम त्यांच्या माणसांच्या हाताखालीच करायचं. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात एक छोटी फेरी, फक्त पाण्याचे चर मोकळे करायला.

सामान

टिकाव, फावडं, घमेली, एक मोठी पहार, एक करवत, एक-दोन कोयते, दाताळं, दोरी. यापेक्षा जास्त नको. दहा माणसांत सहा-सात अवजारं पुरतात, बाकीचे दगड वाहतात, माती टाकतात, आणि आलटून पालटून घेतलं की कोणी दमत नाही. दांडे आदल्या दिवशी तपासा, ढिला टिकाव पाण्यात भिजवून ठेवला की दांडा फुगून घट्ट बसतो. चालताना अवजार खांद्यावर नाही, हातात खाली धरायचं, पातं पुढे आणि दरीच्या बाजूच्या हातात, म्हणजे पाय घसरला तर ते तिकडे टाकून देता येतं. काम करताना दोन माणसांमध्ये तीन मीटर तरी अंतर.

अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड पँट, घोट्याच्या वर येणारे बूट, चामड्याचे हातमोजे. ऑक्टोबरमध्ये कुसळं मोज्यात शिरून जीव नकोसा करतात, त्यावर पँटला खालून गुंडाळलेली पट्टी हा सगळ्यात सोपा उपाय. माणशी चार लिटर पाणी, ओआरएस. जेवण घरून, कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, जे संध्याकाळपर्यंत टिकतं ते. जंगलात चूल पेटवायची नाही, चहासाठी पण नाही, कलम ३० मध्ये आगीची मनाई स्पष्ट आहे.

खरं काम: पाणी वाटेबाहेर काढणं

वाट तीन गोष्टींनी मरते: पाण्याने, शॉर्टकटने आणि झुडपांनी. त्यातलं ऐंशी टक्के लक्ष पाण्यावर द्या असं माझं मत आहे.

डोंगराच्या कडेने जाणारी चांगली वाट दरीकडे किंचित कललेली असते, एक मीटर रुंदीला साधारण पाच सेंटिमीटर. एवढ्या कलाने पाणी वाटेवर न थांबता आडवं निघून जातं. पण लोक चालून चालून मधला भाग दाबला जातो, आणि दरीकडच्या कडेला मातीचा वरंबा तयार होतो, शेतातल्या सरी-वरंब्यासारखाच. मग वाटेचीच सरी होते, पाणी तिच्यातून धावत सुटतं आणि दोन पावसाळ्यांत गुडघाभर घळ पडते. म्हणून पहिलं काम म्हणजे तो दरीकडचा वरंबा फोडून काढणं. फावड्याने वरंब्याची माती ओढून वाटेच्या खोलगट मध्यात टाका, पायाने आणि घमेल्याच्या बुडाने ठोका. वाट कलली की नाही ते बघायला अर्धी भरलेली पाण्याची बाटली वाटेवर आडवी ठेवा, तोंड दरीकडे. आतलं पाणी तोंडाकडे सरकलं तर ठीक, बुडाकडे राहिलं तर अजून माती सरकवा. महागडं यंत्र लागत नाही.

जिथे वाट जवळजवळ सपाट आहे आणि पाणी साचतं, तिथे दरीकडच्या बाजूला उथळ अर्धगोल ताटासारखा भाग खरवडून काढा, वाटेच्या लांबीत साधारण तीन मीटर, आणि मधोमध दरीकडे उतार थोडा जास्त, मीटरला पंधरा सेंटिमीटरपर्यंत. चालणाऱ्याला ते जाणवतसुद्धा नाही पण पाणी तिथून निघून जातं. खड्डा करायचा नाही, खड्ड्यात लोक पाय टाकत नाहीत, बाजूने जातात आणि वाट रुंद होते.

जिथे चढ जास्त आहे तिथे दगडांचा तिरका आडवा बांध घालावा लागतो. वाटेला काटकोनात घातला तर पाणी अडून गाळ साचतो आणि मग वरून वाहतं, म्हणून साधारण ४५ अंशात तिरका, वरचं टोक डोंगराकडे आणि खालचं टोक दरीकडे वाटेच्या बाहेर निघालेलं. मोठे, चपटे, जड दगड घ्या, ज्याला उचलायला दोन माणसं लागतात असे. दोन तृतीयांश दगड जमिनीत गाडायचा, एक तृतीयांश वर. दगड एकमेकांना चिकटून, फटीत लहान चिपा ठोकून. बसवल्यावर प्रत्येक दगडावर उभं राहून वजन डावीकडे-उजवीकडे टाका, जरा जरी डुलला तर काढा आणि परत बसवा. एका बांधाला दोन तास गेले तरी चालतील, डुलणारा दगड पहिल्याच पावसात उखडतो आणि त्यावर कोणाचा तरी घोटा जातो. खालच्या टोकाला पाणी पडतं तिथे लहान दगडांचा थर टाका नाहीतर तिथूनच नवीन घळ सुरू होते. दगड मात्र वाटेच्या जवळच्या उतारावरून उपटून आणू नका, सुटे पडलेले घ्या, आणि उचलण्याआधी पहारीने हलवून आपल्यापासून दूरच्या बाजूने उघडा, खाली विंचू किंवा फुरसं असू शकतं.

किती अंतरावर किती बांध याचं ठोकळ गणित नाही, चढ जितका जास्त तितके जवळ जवळ. चढाचा अंदाज असा: दहा मीटर चाललात आणि एक मीटर वर गेलात तर वाट टिकाऊ आहे, त्यापेक्षा फार जास्त असेल तर ती मातीची वाट टिकणं अवघड, तिथे दगडी पायऱ्याच लागतात आणि ते काम वनविभागाशी बोलूनच. सिमेंट नको. सिमेंटची पायरी खालून माती गेली की अख्खीच्या अख्खी तुटून लोंबते, सुक्या रचाईतला दगड परत बसवता तरी येतो.

शॉर्टकट आणि झुडपं

वळणावर लोक सरळ खाली उतरतात, त्या घसरगुंड्या बंद करायच्या. पाटी लावून बंद होत नाहीत. वरच्या आणि खालच्या दोन्ही तोंडांवर काटेरी वाळलेल्या फांद्या, मोठे दगड असं टाका की डोळ्यालाच वाट दिसू नये, आणि मधली दाबलेली जमीन टिकावाने थोडी भुसभुशीत करा म्हणजे गवत येईल. अस्तंब्याच्या यात्रेला धनत्रयोदशीच्या सुमारास हजारो माणसं चढतात, तिथे तर हे काम यात्रेच्या आधी गावकऱ्यांसोबतच ठरवावं लागेल. बाणांसाठी दगडांवर ऑइल पेंट मारू नका, प्लीज.

फांद्या छाटताना वाट माणसाच्या डोक्यावर हातभर आणि रुंदीला मीटरभर मोकळी झाली की बस. करवतीने, खोडाजवळच्या फुगवट्याच्या बाहेरून, खालून आधी छोटी खाच पाडून, म्हणजे साल सोलत नाही. आडवं पडलेलं झाड दिसलं की लगेच कापायला धावू नका, त्यावरून पाय टाकून जाता येत असेल तर राहू द्या.

घाणेरीचं म्हणजे लँटानाचं झुडूप नुसतं वरून कापलं तर दुप्पट फुटतं. टिकावाने मुख्य मूळ जमिनीखाली तीन-पाच सेंटिमीटरवर तोडायचं, झुडूप उपटून उलटं, मुळं वर करून तिथेच ठेवायचं. फळं पिकायच्या आधी. आणि सगळं एकदम साफ नाही, मोकळ्या झालेल्या जमिनीवर लगेच रानतुळस आणि तरोटा माजतो, शिवाय त्या जाळीत पक्षी आणि लहान प्राणी राहतात. वाटेच्या कडेचं तेवढं काढा, तेही वनरक्षकाने दाखवलेलं. कापलेलं गवत वाटेशेजारी ढीग करून ठेवू नका, वणव्याला सरपण होतं, पसरून द्या.

धोके

बिबट्याची भीती सगळ्यांना वाटते, पण मला जास्त काळजी आग्या मोहोळाची असते. कड्यांवर, लेण्यांच्या वर मोठी पोळी लटकलेली असतात. धूर, परफ्युम, मोठा आवाज, दगड फेकणं, काहीही पुरतं. सकाळी आधी कडे बघून घ्या, पोळं दिसलं तर त्याखालचं काम रद्द, चर्चा नाही. माशा उठल्याच तर तोंड झाकून लांब पळायचं, पाण्यात उडी मारायची नाही, गाडीत किंवा खोलीत शिरायचं आणि मग नखाने किंवा कार्डाने काटे खरवडून काढायचे. खूप चावे बसले असतील, सूज चेहऱ्यावर आली, श्वास लागला तर थेट दवाखाना.

अस्वल असलेल्या भागात पहाटे आणि संध्याकाळी काम नको, सकाळी आठनंतर आत, चारपर्यंत बाहेर, एकमेकांशी बोलत चालायचं. सर्पदंश झाला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काहीच नाही, हातपाय स्थिर ठेवून १०८ ला फोन आणि ज्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष आहे तिकडे. ते कुठल्या दवाखान्यात आहे हे आदल्या आठवड्यातच फोन करून विचारून ठेवा. रेंज कुठे मिळते ती जागा पण सगळ्यांना माहीत असू द्या. वणवा किंवा जखमी प्राणी दिसला तर वनविभागाची १९२६ हेल्पलाइन आहे.

काम झाल्यावर

अवजारं मोजून बाहेर काढा, यादीशी जुळवा. कचरा गोणीत भरून गावापर्यंत नाही, तालुक्यापर्यंत आणा, गावात टाकला तर तो परत नाल्यानेच जंगलात जातो. जिथे काम केलं त्या जागांचे आधीचे-नंतरचे फोटो आणि एक पानाचा साधा अहवाल आरएफओ कार्यालयात द्या, पुढच्या वर्षीची परवानगी यावरच सोपी होते. नेमकं लोकेशन सोशल मीडियावर टाकायचं टाळा, विशेषतः कुठे ठसे किंवा गुहा दिसली असेल तर.

आणि पहिला मोठा पाऊस झाला की त्या आठवड्यात परवानगी घेऊन दोघं-तिघं परत जा. बांधाच्या वरच्या बाजूला गाळ भरला असेल तर फावड्याने काढा, बाहेर पडायचं तोंड पानांनी बुजलं असेल तर मोकळं करा, कुठला दगड हलला ते लिहून घ्या. ऑक्टोबरच्या कामाची यादी त्याच दिवशी तयार होते.